अडुसष्ट नंबरची पाटी

मेरियनबाई गेल्याचं कळलं, तेव्हा मी चेपलेल्या गाडीच्या पाठीला एकाच स्क्रूवर लोंबकळत होते. गाडी ओढून न्यायला आलेल्या माणसाने आधी मला सोडवलं आणि बाहीने पुसलं. "अडुसष्ट नंबर आहे. ही आधी सिनेटरसाहेबांकडे पोचवा," तो म्हणाला. बाईंची पर्स दोन दिवस गाडीतच राहिली.

मित्रांनो, मी गाडीची एक जुनी नंबरपाटी आहे. १९४२ साली घडले. लोखंडी पत्रा, त्यावर भट्टीत भाजलेला काळा लेप आणि पांढरे आकडे. आमच्या अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात लहान आकडा म्हणजे मोठी ओळख. गाड्या बदलतात, मी मात्र बापाकडून मुलाकडे जाते.

माझे पहिले मालक एल्झी विंगेट. ते कोंबड्या पाळत आणि बावीस वर्षं विधानसभेत होते. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारी कोंबडीचं जेवण असे. लोक त्यांच्या गाडीला टेकून पूल मागत, रस्ता मागत. एल्झी बहुतेकांचं काम करत. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मग त्यांचा मुलगा हार्लन राज्याच्या सिनेटमध्ये गेला. त्याची बायको मेरियन मला व्हिनेगरच्या फडक्याने पुसायची. शेजारीण हसली की म्हणायची, "काय करू? सवत आहे माझी. माझ्याआधी या घरात आली."

त्यांचा मुलगा ब्राइसही निवडून आला. दोन वर्षांपूर्वी तो दारू पिऊन गाडी चालवताना मिलबरी गावच्या पोलिसांना सापडला. हार्लनने अंगणात उभं राहून त्यांच्या साहेबाला फोन केला. "पोरगं दमलं होतं, दुसरं काही नाही."

"एकदा त्याला कोठडी दिसू दे," मेरियन म्हणाली.

"निवडणूक आहे, मेरियन."

"विंगेटांच्या घरात निवडणूक कधी नसते?"

त्यानंतर मिलबरीत मला कोणी अडवलं नाही.

या ऑक्टोबरातल्या एका रविवारी हॉलमधलं जेवण संपलं, तरी हार्लनला चार मतदारांशी बोलायचं होतं. "तू आईला घेऊन पुढे हो," तो ब्राइसला म्हणाला. ब्राइसच्या तोंडाला वास येत होता. हार्लन हातभर अंतरावर उभा होता.

वाटेत मिलबरीच्या ओवेन नावाच्या नव्या पोलीस शिपायाने गाडी थांबवली. गाडी रस्ता सोडून चालली होती. तो मागे आला, त्याने मला पाहिलं आणि वही मिटली.

"मुला, तुझं काम कर," मेरियन खिडकीतून म्हणाली.

"काकू, अडुसष्टची पावती फाडली तर उद्या मी शाळेपुढे मुलांना रस्ता ओलांडून देत उभा असेन." तो हसला. "जपून जा, साहेब."

पुढे चार मैलांवर कालव्याकाठी एक ओकचं झाड आहे.

ब्राइसने सांगितलं, हरीण आडवं आलं. ओवेनने अहवालात लिहिलं, अपघाताआधी ती गाडी मला दिसलीच नाही. दफनानंतर तो आमच्या स्वयंपाकघरात आला आणि हार्लनपुढे उभा राहिला. "साहेब, मी थांबवलं होतं. काकू मला म्हणाल्या होत्या."

हार्लनने त्याला बस म्हटलं नाही. तो म्हणाला, "तुझा दोष मागाहूनचा. वास मला आधी आला होता."

काल ब्राइस आला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. "बाबा, पाटी ठोकून सरळ करून घेऊ. नव्या गाडीला लावू. आजोबांचा नंबर आहे, लोक विचारतात. आणि हरणाचं तेच ठरलंय ना?"

"तुझी आई तुला काय म्हणाली शेवटी?"

ब्राइस खिडकीकडे वळला. "गाडी थांबव म्हणाली."

मित्रांनो, मला इतकं जपलं म्हणून मी टिकले. मेरियन टिकली नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं काही मानाचं असेल, तर त्याच्याआड कोण लपतंय ते बघा. मला जपू नका. मी पत्रा आहे.

मी आता स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून आहे. माझा लेप उडालाय, सहाचा आकडा अर्धा गेलाय. सकाळपासून हार्लन समोर बसलाय. त्याने कागदावर सरकारी वकिलाचं नाव लिहिलं, खाली तारीख घातली. अपघाताची चौकशी सोमवारी आहे. पत्र अजून लिहिलेलं नाही.