घोट मोजणारी नळी

मी काचेची नळी बोलतेय. अंगावर बारीक रेघा, पोटात पारा आणि पाऱ्यावर हायड्रोजन. तुम्ही दूध मोजता, कापड मोजता. मी तहान मोजते.

एका काच फुंकणाऱ्याने मला घडवलं. गाल फुगवून, ज्योतीवर फिरवत, तान्ह्या बाळाची सावरावी तशी माझी मान सावरत. "जपा हिला," प्रयोगशाळेत सोपवताना तो म्हणाला, "नाजूक आहे, पण खोटं बोलायची नाही."

काही पदार्थांच्या रेणूंत दुहेरी बंध असतात. त्यांना आणखी हायड्रोजन हवा असतो, पण नुसता समोर ठेवला तर रुसल्यासारखे तोंड फिरवून बसतात. मग उत्प्रेरकाची काळी भुकटी मध्यस्थी करते. एका बंधाला एक घोट, म्हणजे हायड्रोजनची एक जोडी. वायू घटला की पारा माझ्या अंगात वर चढतो. रेघ वाचा आणि बंध मोजा.

मला सर्वांत जास्त हाताळलं ते प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ताईने. एका रानझाडाच्या बियांतून वर्षभर खपून तिने चिमूटभर पदार्थ वेगळा केला होता. पूर्ण भरलेल्या सरळ साखळीच्या मानाने त्याच्या सूत्रात हायड्रोजनच्या तीन जोड्या कमी भरत होत्या. म्हणजे तीन दुहेरी बंध, असा तिचा होरा. आणि मी नेमके तीन घोट दाखवले! आनंदाच्या भरात तिने माझा पापाच घेतला.

"मामा, तीनच!"

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, सगळ्यांचेच मामा. ते चहाचा कप घेऊन आले. "वा! भुकटीला आधी एकटीला पाजलंस ना? तीही पिते बरं का. भारी पिदाडी आहे."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. घाईत तिने दोन्ही एकदमच टाकलं होतं. कोण किती प्यायलं, ते मलाही सांगता येईना.

"थोडा पदार्थ उरलाय," ती म्हणाली. "एकदाच पुरेल. मग बिया थेट पुढच्या हंगामात."

"मग राहू दे की. तीन तर तुला हवेच होते."

"हवे होते म्हणूनच भीती वाटते, मामा."

या वेळी तिने आधी भुकटीची तहान भागवली. पारा चढला, थांबला. मग पदार्थ आत सोडला. एक घोट. दुसरा घोट. बस्स. तिने नखाने मला टिचकी मारली, वाट पाहिली. पारा ढिम्म.

"दोनच," म्हणत ती स्टुलावर मटकन बसली. मामांचा चहा हातातच निवला.

"जोड्या तीन कमी आणि पिणारे दोन," ती पुटपुटली. "मग तिसरी जोडी गेली कुठे?" बोलता बोलता तिने अंगठा आणि तर्जनी जुळवली, आणि स्वतःच्याच हाताकडे पाहत उभी राहिली. "मामा, कडं! साखळीची दोन टोकं एकमेकांना धरून बसलीत. टोकं जुळताना एक जोडी गळाली, आणि कडं काही पीत नाही!"

मामांनी कप खाली ठेवला. "आता मात्र खरं सापडलं, पोरी."

आज मोठी यंत्रं चिमूटही खर्च न करता बंध ओळखतात. मी काचेच्या कपाटात असते, पण कुरकुर नाही. एवढंच मागणं आहे: मनासारखं उत्तर मिळालं की त्या दिवशी जरा जास्तच तपासा.

ताई आता स्वतः प्रमुख आहे. नव्या मुलांना माझ्यापाशी आणते, ती गोष्ट सांगते आणि नखाने मला टिचकी मारते. पारा केव्हाच काढून घेतलाय. तरी ती क्षणभर थांबून बघते, चढतोय का.