बाळाच्या वाट्याचा मासा

"बाळाची गाडी त्या माणसाच्या हाती देऊ नकोस," असं टिया इडालिनाने मला मे महिन्यातच सांगितलं होतं. केप कॉडच्या कालव्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं आमिषाचं दुकान आहे. सगळे तिला टिया म्हणतात, म्हणजे मावशी. मी हसले. 'तो माणूस' म्हणजे माझे सासरे ऑरिन. आजोबांनी नातीला फिरवलं तर त्यात भ्यायचं काय? दुधाच्या बाटल्या तीन-तीनदा उकळणारी, झोपलेल्या बाळाचे श्वास मोजणारी मी. धोका कशाला म्हणतात हे मला दुसऱ्या कुणी शिकवावं?

यंदा कालव्यात पोगी आलेच नाहीत. हे तेलकट मासे आले की त्यांच्यामागे सगळ्यांना हवा असलेला मोठा मासा, पट्टेरी बास, येतो, आणि ज्याच्या गळाला जिवंत पोगी, त्याची चैन. ते नसले की आमिषाला उरते वाम, तीही टियाच्या टाकीत मोजकीच. तिने पाटी लावली: माणशी तीन. पाटी लागली आणि आमच्या कालव्यावरच्या थोर पुरुषांचा रंग उतरला. एरवी हेच लोक सायकलींना रॉड बांधून हिंडतात आणि बास कसा वाचवायचा यावर प्रवचनं झोडतात.

ऑरिन सगळ्यांत थोर. दिवसाला माणशी एकच बास, अठ्ठावीस ते एकतीस इंचांमधला, हा नियम त्यांना तोंडपाठ. स्वतःचा मासा जरा मोठा निघाला की शेपटी चिमटीत धरायच्या ऐवजी पसरून मोजायची, म्हणजे लांबी कमी भरते, बसला एकतीसात! दुसऱ्याने तेच केलं की, "चोर लेकाचे!"

जूनमध्ये त्यांनी फिबीला मोजायला सुरुवात केली. फिबी आठ महिन्यांची.

"टिया, सहा वाम दे. तीन माझ्या, तीन हिच्या."

"हिला दात तरी आलेत का रे?"

"पाटीवर माणशी लिहिलंयस. ही काय माणूस नाही?"

रांग खो खो हसली. मीही हसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मग मासाही बाळाच्या वाट्याचा निघू लागला. पहिला बास ऑरिन हातात मिरवत आणायचे. दुसरा यायचा गाडीच्या खालच्या जाळीतून, फिबीच्या पिवळ्या दुलईखाली. दुलईला वास मारायला लागला तेव्हा मी तोंड उघडलं.

"अगं, कॉलेजात शिकलीस ना? कायद्यात माणशी म्हटलंय. वय कुठे म्हटलंय?"

"जो गळ टाकतो त्याला एक, बाबा."

"मग उद्या देतो तिच्या हातात रॉड. झालं समाधान?"

मी दुलई धुतली. तेवढंच केलं.

त्या शनिवारी सकाळी टिया दुकान बंद ठेवून खाली पाण्यापाशी गेली होती, पोगी आले का बघायला. मी बंद दाराशी रांगेत पहिली उभी, कारण ऑरिनना माझ्याही वाट्याच्या तीन वाम हव्या होत्या. ते स्वतः गाडी ढकलत खालून चढ चढत होते. तेवढ्यात वरच्या बाजूला मासेमारी खात्याची जीप थांबली आणि अधिकारी उतरला.

ऑरिननी त्याला पाहिलं आणि गाडीचा दांडा सोडून दिला. ब्रेक लावला नाही. हात खिशात घालून चार पावलं बाजूला गेले आणि ती गाडी कुणाची, त्यातलं पोर कुणाचं, आपल्याला काही ठाऊकच नाही अशा थाटात आभाळ बघत उभे राहिले.

गाडी उलटी निघाली. उतार संपतो तिथे खडक, आणि खडकांखाली कालव्याचं ओढीचं पाणी. मी धावले, पण ती माझ्यापेक्षा वेगात होती.

टिया बादली घेऊन वर येत होती. बहात्तर वर्षांची, पायाने अधू. तिने बादली फेकली आणि गाडीला आडवी गेली. गाडी तिच्यावर आदळून थांबली. फिबीने भोकाड पसरलं, मी तिला उचलून घेतलं. टिया मात्र ओरडली नाही. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

बादलीतले दोन पोगी रस्त्यावर तडफडत होते. रांगेतला एक जण धावत आला. मला वाटलं, तिला सावरायला. त्याने पोगी उचलले.

अधिकाऱ्याने दुलई बाजूला केली. "हा मासा कुणाचा?"

"बाळाचा," ऑरिन म्हणाले.

नवरा म्हणतो, चारचौघांत बाबांची शोभा झाली, तू तरी त्या अधिकाऱ्याला सगळं सांगायला नको होतंस. मी फिबीला घेऊन वूस्टरला बहिणीकडे निघून आले. टिया इस्पितळातून घरी आलीय. दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीच असते. तीन दिवस झाले, फोन उचलत नाही. मी रांगेतल्या एकाला फोन करून विचारलं, टिया कशी आहे? तो म्हणाला, "टाकी अजून रिकामीच आहे गं."

फिबी तापाने फणफणलीय, मला निघता येत नाही. तुम्ही त्या बाजूला गळ टाकायला जाणार असाल, तर दुकानाच्या मागे जा. निळं दार आहे, ते वाजवा. वामांचं काही विचारू नका. ती आली नाही तर दार ढकला, ती कडी लावत नाही.