कोल्हा छपरावर होता तेव्हा

हातमोज्याच्या अंगठ्याला पडलेलं भोक, आणि त्यातून डोकावणारं स्वतःचंच लालबुंद नख... तावेती ते बघत खडकावर बसला होता. जानेवारीत फावडं मारताना पडलेलं भोक. गोठलेल्या सायमा सरोवरावर, बेटाच्या काठाशी, त्याने आणि शेजारच्या रेइनोने बर्फाचा लांबलचक ढिगारा रचला होता तेव्हाचं. हिवाळे हल्ली कद्रू झालेत. आणि सीलच्या मादीला बाळंतपणाला बर्फाचा ढीगच लागतो. ती खालून, पाण्यातून येते, आतून पोखरून खोली करते. बाहेरून दार नाहीच. ती आली की नाही, हे रचणाऱ्याला कळायची सोय नाही, आणि जवळ जाऊन बघायचं नाही, हा नियम.

नियम डाचत होता. धक्क्यावरच्या कॉफीच्या टेबलाशी आयुष्यभर त्यानेच तर सीलच्या गोष्टी पुरवल्या होत्या. एक सील म्हणे त्याच्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, घुसून बसला आणि वर म्हणाला, अजून थोडी वाफ सोड की!

"तुझा सील दरवर्षी वाढतोय," काल रेइनो म्हणाला होता. "पुढच्या वर्षी शिंगं फुटतील त्याला."

"फुटलीसुद्धा. तू होतास कुठे?"

हसले सगळे. मग रेइनो हळूच म्हणाला, "पाऊस झाला रे परवा. मार्चमध्ये पाऊस! छप्पर बसलं असेल तर पिल्लू उघड्यावर..."

त्यापुढे कोणी हसलं नाही. उघड्यावरचं पिल्लू म्हणजे कोल्ह्याचं जेवण. म्हणून तर गळ बघून येतो असं बायकोला, लेम्पीला, सांगून तो इथे, समोरच्या टोकावर, दुर्बीण घेऊन आला होता. लांबून बघण्यात काय बिघडतं...

ढिगारा होता. खचलेला, पण होता. आणि त्यावर कोल्हा होता.

तावेतीचं तोंड ओरडायला उघडलं आणि तसंच राहिलं. ओरडावं तर आई घाबरून पाण्यात जाईल, मागोमाग ते ओलं, इवलं... न ओरडावं तर— अख्खा गाव ज्या तोंडाला कंटाळला होता, ते त्याने दातांनी बंद धरलं. लहानपणी वडिलांनी इथेच कुठेतरी बर्फाला कान लावायला सांगितला होता. ऐक, ती आत खरवडतेय... त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी तो म्हणाला, हो, आलं! तिथूनच बहुधा सगळं सुरू झालं.

कोल्हा उकरत होता. उकरत होता, थांबून कान टवकारत होता, पुन्हा उकरत होता. पण पावसाचं पाणी रात्रीच्या गारठ्यात छपरावरच गोठलं होतं, काचेसारखं. ज्याला गेले दोन दिवस शिव्या घातल्या, तोच पाऊस पहारा देत होता. शेवटी कोल्ह्याने पंजा चाटला, ढिगाऱ्यावर तंगडी वर केली, आणि जणू काही घडलंच नाही असा निघून गेला.

मग, त्याने उकरलेल्या जागेतून, एक धूसर रेघ वर आली. केसाएवढी. विरली. पुन्हा आली. वाफ? की वाऱ्याने उडालेला भुगा? वारा तर नव्हता... हिमयुग ओसरलं तेव्हा समुद्रापासून तुटून या गोड्या पाण्यात अडकून पडलेलं एक कूळ, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं, मोजकंच उरलेलं— आणि ते आपल्या फावड्याच्या बर्फाखाली श्वास घेतंय? तावेतीने नकळत आपलाही श्वास त्या रेघेबरोबर चालवला. मग त्याने दुर्बीण खाली ठेवली. लांबून बघणंही आगाऊपणाचं वाटलं.

घरी लेम्पी राईची भाकरी कापत होती.

"काय म्हातारबा, आज केवढा होता? गाईएवढा?"

शब्द तयार होते, शिंगांसकट. तो दारात उभा राहिला.

"काही दिसलं नाही," तो म्हणाला.

लेम्पीने सुरी ठेवली, जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला. "बरं आहे ना तुला?"

त्याने मान हलवली. आत काहीतरी उबदार, डोळे मिटलेलं निजलं होतं, आणि तोंड उघडलं तर त्याच्यावरचं छप्पर... तावेतीने हातमोजा काढला, अंगठ्याच्या भोकाला ओठ लावले आणि अगदी हळू, कुणाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू, त्यातून श्वास सोडला.