कुटुंबप्रमुखाची सही

सोमवारी सकाळी पावणेसहाला मैदानाच्या फाटकावर वहिनींचं कार्ड चाललं नाही.

"वहिनी, यंत्र तुम्हाला घेत नाहीये," रखवालदार म्हणाला. त्याने कार्ड स्वतःच्या शर्टाला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल दिवा. "साहेबांचं कार्ड बंद झालं की त्यांच्यावरचं आपोआप बंद होतं. कालच यादी आली. मी तरी काय करू?"

त्याच्या हातात काही नव्हतंच. वहिनी आल्या पावली परत फिरल्या.

या धावण्याच्या क्लबात सगळ्या बायका वहिनीच, कारण इथे बाई येते ती कुणाची तरी बायको म्हणून. नवरा सभासद आणि बायको त्याच्या कार्डावर 'सहचारिणी'. तिला वर्गणी पाव आणि हक्क म्हणाल तर धावायला मैदान, बस. मत नाही, विमा नाही, पाय मुरगळला तर क्लबाचा फिजिओथेरपिस्ट नाही. ज्यांनी हे ठरवलं ती काही वाईट माणसं नव्हती. बायकांची स्वस्तात सोय केली याचा त्यांना अभिमान होता. मला या अभिमानाचा आता फार कंटाळा आला आहे.

या वहिनी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करतात. त्यांचे यजमान शाळामास्तर होते. गुडघ्यामुळे सात वर्षांपूर्वीच त्यांनी पळणं सोडलं होतं, पण सभासद तेच. वहिनी रोज पळत आणि इतकं एकसारखं पळत की बाकीचे त्यांच्या पावलांवरून आपला वेग ठरवत. पण कागदोपत्री त्या मास्तरांच्या शेपटाला. चार महिन्यांपूर्वी मास्तर हृदयविकाराने गेले. तेव्हापासून सकाळचा पाऊण तास तेवढा वहिनींचा स्वतःचा उरला होता. बाकी सगळा दिवस दुकानाचा, घराचा आणि भेटायला येणाऱ्यांच्या उसाशांचा.

संध्याकाळी त्या क्लबाच्या चिटणीसांकडे गेल्या. चिटणीस दातांचे डॉक्टर. त्यांनी अदबीने खुर्ची दिली आणि पूर्ण सभासदत्वाचा अर्ज पुढे केला. शेवटचा रकाना होता 'कुटुंबप्रमुखाची संमती व सही'.

"दीर आहेत ना तुमचे? त्यांची सही आणा, की झालं काम," डॉक्टर म्हणाले.

दीर त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी खाली येऊन अर्ज वाचला आणि घडी घालून परत दिला.

"आत्ता कशाला हे, वहिनी? चार महिने तर झालेत. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण बोलतात."

"मी पळायला जाते, भावजी. मिरवायला नाही."

"तसं नाही म्हणत मी. असं करू, सभासद मी होतो. तुम्ही माझ्या कार्डावर या. शनिवार-रविवार जात जा. रोज गेलात तर सकाळी आईकडे कोण बघणार?"

"तुम्हाला जिना चढताना धाप लागते आणि सभासद तुम्ही होणार?"

पलंगावर बसलेल्या सासूबाईंना चहाचा ठसका लागला. मग त्यांनी हात पुढे केला. "आण गं तो कागद. या घरात वयाने मोठं कोण? मी. मग प्रमुख कोण?" थरथरत्या अक्षरांत सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली. दीर वर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. वहिनींनी डॉक्टरांना फोन केला.

"आईंची सही चालत नाही हो. प्रमुख म्हणजे..." डॉक्टर अडखळले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तशी पद्धत आहे."

एवढा शिकलेला माणूस, पण ते वाक्य काही त्याला पुरं करवेना.

रविवारी क्लबाची वार्षिक सभा होती. विषय नव्या वर्षाची वर्गणी आणि सवलती. सुरुवातीलाच अध्यक्षांनी एक गोड बातमी दिली. कै. मास्तरांच्या स्मरणार्थ वहिनींना आजन्म मोफत मानद कार्ड. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी कार्ड पुढे केलं, पण वहिनींनी हात पुढे केला नाही.

"मला फुकट नको," त्या म्हणाल्या. आवाज दमलेला होता, पण चढला नाही. "वर्गणी पूर्ण घ्या आणि मत, विमा, सगळं पूर्ण द्या. मला एकटीला नाही, प्रत्येकीला, तिच्या स्वतःच्या नावावर. आणि तो सहीचा रकाना काढून टाका."

"अहो वहिनी, आम्ही आदरापोटीच..."

"आदर आहेच हो. मैदान नाहीये."

मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "पण मग आमची वर्गणी चौपट होईल ना? एका घरातून दोन दोन वर्गण्या कुठून भरायच्या?"

प्रश्न खरा होता. वहिनी वळून त्यांच्याशीच बोलल्या. "ज्याला जेवढी झेपेल तेवढी ठेवा. कमाई बघून ठेवा. पण पैसे पाव दिले म्हणून माणूस पाव होत नाही ना?"

वहिनींच्या मागणीवर मतदान झालं. बायकांना हात वर करायचा हक्कच नव्हता. बाजूने अकराच हात आले. विषय पुढच्या वर्षावर ढकलला गेला आणि चहा आला. वहिनी चहा न घेताच गेल्या. मानद कार्ड टेबलावरच राहिलं.

वर न आलेल्या हातांत एक हात डॉक्टरांचाही होता. दुपारी घरी त्यांची बायको मटार सोलत बसली होती. सभेत तीही मागच्या रांगेत होती.

"अहो, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मी सही कुणाची आणू?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"नाही, सांगा ना. धाकट्या भावजींची? सहा वर्षं तुम्ही ज्यांचं तोंड बघितलं नाहीत, त्यांची?"

डॉक्टरांना मनापासून लाज वाटली, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. त्यांनी कोरा कागद घेतला. प्रत्येक माणसाला स्वतःचं सभासदत्व, वर्गणी ऐपतीप्रमाणे, हक्क सगळ्यांना सारखे, संमतीचा रकाना रद्द. महिन्याभरात खास सभा बोलवायची असंही त्यांनी लिहिलं आणि सगळं बायकोला वाचून दाखवलं.

"चांगलं आहे. पण पास नाही झालं तर?"

"पुन्हा मांडीन. तेही नाही झालं तर चिटणीसपद सोडीन."

"ते तुमचं झालं. पण तोवर ती पळणार कुठे?"

डॉक्टरांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. याचं उत्तर त्यात नव्हतं. आपल्याकडे तरी आहे का, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून बघावं.