होडी घरी येते तेव्हाचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. सिनेमाची नव्हे, गेमची. टीव्हीला जोडलेल्या ज्या यंत्रात मी गरगर फिरत असे, ते यंत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंही नसेल. आज माझ्याकडे बघवत नाही. पाठीवरच्या मुलाम्याचे पापुद्रे सुटलेत आणि कडेला तर आरपार दिसतं. पण एके काळी लोक माझ्यात पाहून केस नीट करत, हेही सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला, पण माझ्यात जे भरलंय ते घडलं घड्याळ दुरुस्तीच्या एका दुकानावरच्या तीन खोल्यांत. तिथे काही मंडळी मिळून गेम बनवत. एक जण चित्रं काढी, दुसरा ती पडद्यावर हलवी, आणि संगीत करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. गेम अगदी साधा होता. वादळात भरकटलेली एक होडी खडकांतून वाट काढत घरी आणायची. होडी धक्क्याला लागली की एका खिडकीत दिवा लागतो आणि एक बाई गाणं म्हणते.

त्या गाण्यासाठी मास्तरांना कुणाचाच आवाज पसंत पडेना. शेवटी त्यांनी आपल्या बायकोलाच बोलावलं. खिडक्यांना रजया टांगल्या. खालच्या घड्याळवाल्याने कुरकुर करत दुकानातली सगळी टिकटिक बंद केली. माइकसमोर उभं राहिल्यावर ती इतकी लाजली, की गाण्याआधी हळूच म्हणाली, “सुरू करू का?”

तेही रेकॉर्ड झालं.

“एवढं कापून टाकतो,” चित्रकार म्हणाला.

“हात लावू नकोस,” मास्तर म्हणाले. “ती घरीसुद्धा आधी विचारते आणि मग गाते. ते काढलं तर ती उरेल का?”

हे सगळं मी मास्तरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मला तोंडपाठ झालंय.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगते, ती लक्षात ठेवा. माझ्यासारख्या सीडीत दोन तऱ्हेचा माल असतो. मधल्या भोकाजवळ खुद्द गेम असतो. होडी, खडक, नकाशे, लाटांची खळखळ, सगळं तिथे. त्यानंतर बाहेरच्या बाजूला एकेक गाणं वेगळं मांडलेलं असतं. गाण्याची वेळ झाली की यंत्र तिकडे वळतं आणि ते वाजवतं. खिडकीतल्या बाईचं ते शेवटचं गाणं माझ्या अगदी काठावर होतं.

गेम फारसा चालला नाही. त्या तीन खोल्या दुसऱ्या कुणाला गेल्या आणि मूळ टेपा त्या आवराआवरीत कुठे गेल्या, देव जाणे. मी मात्र मास्तरांच्या घरी सुखात होते. त्यांची लेक शाळेतून आली की दप्तर भिरकावून आधी मला यंत्रात घाली.

ती कॉलेजात जायच्या आधीच तिची आई गेली. घरात तिचे फोटो भरपूर होते, आवाज मात्र फक्त माझ्याकडे होता. मित्रांनो, इतकी जोखीम एका प्लॅस्टिकच्या चकतीवर कुणी टाकू नये.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. साध्या म्युझिक प्लेअरवरही ते गाणं वाजलं असतं, पण मास्तर तसं कधी करत नसत. “होडी घरी आल्याशिवाय तिनं का गावं?” ते म्हणत. स्वतः खेळायला बसले की पहिल्याच खडकावर होडी फोडत. मग लेकीला हाक जाई, “छकुले, होडी तेवढी घरी आण गं.” ती सराईत हातांनी होडी आणी, दिवा लागे, आणि दोघं एकमेकांकडे न बघता ऐकत बसत.

यंत्र म्हातारं झालं. पुढे पुढे ते पालथं घातल्याशिवाय चालेना, आणि एक दिवस तसंही चालेना. त्याच सुमारास मास्तरांना मोतीबिंदू झाला, म्हणून लेकीनं त्यांना आपल्याकडे राहायला नेलं. सामानाची बांधाबांध चालू असताना तिनं मला कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि माझी फाईल करून घेतली. सीडीच्या अशा हुबेहूब प्रतीला इमेज म्हणतात. ती तिनं उघडून पाहिली. होडी हलली, लाटा खळखळल्या, बटणं टिकटिकली.

“झालं बाबा, सगळं आलं,” ती म्हणाली. “दोन ठिकाणी ठेवलंय. आता काही झालं तरी आई कुठे जात नाही.”

पोरीनं जीव लावून केलं होतं हो. पण घेतला होता तो फक्त मधला भाग. लाटा त्या भागातल्याच, म्हणून आवाजही आला असं तिला वाटलं. काठावर मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण फिरवल्याशिवाय आम्हाला कुठे बोलता येतं?

तिच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. तिनं जुन्या सीड्या दोऱ्यात ओवून कठड्यावर टांगल्या, म्हणजे त्या चमकतील आणि कबुतरं बिचकतील. मला हातात घेऊन ती जरा घुटमळली. “बाबा, हीसुद्धा टांगू? फाईल तर आहेच.”

“टांग की,” मास्तर म्हणाले. “मला तेवढंच काहीतरी चकाकताना दिसेल.”

तर मी तिथे लटकले. कबुतरं चार दिवस बिचकली, मग माझ्या शेजारीच घुटर्र घूं करू लागली. ऊन लागलं, पाऊस लागला, वाऱ्यानं माझी कड गजांवर आपटली. लोकांना वाटतं, आमची चकचकीत बाजू नाजूक. खरी नाजूक असते ती नाव छापलेली पाठ. तिच्या खालीच तो मुलामा असतो, आणि तो गेला की आमच्यातलं काहीच वाजत नाही. तो काठापासून सुटत गेला.

मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून ते म्हणाले, “आण बघू होडी घरी. फार दिवस झाले.”

मला काचेतून सगळं दिसत होतं. लेकीनं एकही खडक न लागू देता होडी आणली. खिडकीत दिवा लागला. लाटा खळखळल्या.

पुढे काहीच झालं नाही.

“आवाज बारीक आहे का गं?” मास्तरांनी विचारलं.

तिनं आवाज वाढवला. लाटा मोठ्या झाल्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आणि ती तोंडावर हात ठेवून उठली. “बाबा, मी गाणी घेतलीच नाहीत. ती वेगळी असतात हे मला माहीत नव्हतं.”

“मला माहीत होतं की,” मास्तर म्हणाले. “मी विचारायला हवं होतं.”

तिनं मला सोडवलं, मऊ फडक्यानं पुसलं आणि आत घातलं. मी सगळा जीव गोळा करून फिरले. आधीची गाणी अडखळत का होईना, दिली. काठावरचं मात्र सुरुवात होताच अडकलं. पुढे मुलामाच नव्हता, तर मी देणार काय?

मग लेकीनं जुने गेम जमवणाऱ्यांना इंटरनेटवर विचारलं. भल्या माणसांनी लगेच फाईली पाठवल्या. प्रत्येक फाईल तिच्याच फाईलसारखी होती. होडी होती, लाटा होत्या, गाणी गाळलेली होती. गाण्यांनी फाईल फार जड होते, म्हणे.

मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगते. आमची प्रत करा, जरूर करा, पण काठापर्यंत करा आणि शेवटपर्यंत ऐकून मगच आम्हाला हातावेगळं करा. आणि तुमच्या घरात, एखाद्या खोक्याच्या तळाशी, होडीचं चित्र असलेली माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला तेवढं उजेडात आणा. इथे तिची वाट पाहणारं माणूस आता फार थकलंय.

माझ्यातून जेवढं निघालं तेवढं लेकीनं फाईलला जोडून दिलंय. रोज संध्याकाळी ती होडी घरी आणते. खिडकीत दिवा लागतो, आणि एक लाजरा आवाज विचारतो, “सुरू करू का?”

“कर,” मास्तर म्हणतात, आणि लाटा ऐकत बसतात.