जागेपणाचं सोंग

"हळू. झटका द्यायचाय, मार नाही."

मला जोडणाऱ्या कारागिराने शेवटची तार घट्ट करताना उच्चारलेलं हे वाक्य. ते मला उद्देशून होतं की शेजारी उभ्या असलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंना, हे मला आजवर कळलेलं नाही. आम्ही दोघांनीही ते पाळलं.

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक आहे, पण प्रयोगशाळेत त्या नावाने मला कोणी कधी हाक मारली नाही. पत्र्याचं अंग, एक गोल खटका आणि काचेच्या बशीत समोरासमोर बसवलेल्या केसाएवढ्या दोन तारा, एवढाच माझा संसार. त्या तारांच्या मधोमध एक थेंब ठेवतात आणि थेंबात गाईचं बीजांड. डोळ्यांना ते धुळीच्या कणासारखं दिसतं. खटका दाबला की मी त्याला विजेचा बारीकसा झटका देतो.

कशासाठी, म्हणाल. एरवी वळूचा शुक्राणू आपला आपण पोहत येतो, बीजांडात शिरतो आणि त्याला जागं करतो. पण काही शुक्राणूंत पोहण्याचं बळच उरलेलं नसतं. मग बाई काचेच्या सुईने एक शुक्राणू उचलून बीजांडाच्या आत नेऊन ठेवतात. आणि गाईचं बीजांड असं झोपाळू, की पाहुणा घरात आणून बसवला तरी कूस बदलत नाही. त्याला उठवायचं काम माझं.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकात गेली. पाहुणे येत, वाकून बघत, "एवढुशा डब्यात एवढी करामत!" म्हणत. पुढे बाटलीतून औषध आलं. त्याच्या थेंबाने बीजांडं जागी होऊ लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. अंगावर धूळ बसली. वाईट वाटायला हवं होतं. मी कपाटावर होतो, एवढंच आठवतं.

मग एक दिवस गोठेवाल्या मावशी आल्या. त्यांच्याकडे ठिपकी नावाची एकच गाय उरली होती, तीही म्हातारी, गाभण न राहणारी. त्यांचा वळू केव्हाच गेला होता. त्याचं गोठवलेलं रेत तेवढं प्रयोगशाळेत होतं, पण त्यातले शुक्राणू निपचित पडलेले. ठिपकीची काही बीजांडं बाईंनी सुईने काढून पाहिली होती, पण ती औषधाच्या थेंबातच मरून गेली. म्हणून मला खाली काढलं.

मावशींनी मला खालून वर न्याहाळलं. "हा उठवणार? आमच्या ह्यांचा रेडिओ याच्याहून मोठा होता. तो तर चापट मारल्याशिवाय बोलायचा नाही."

"याला चापट नका मारू, मावशी. हाच मारतो," बाई म्हणाल्या.

मावशी हसल्या. "त्या वळूला ह्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता जावई म्हणतो, गोठा काढून टाका, कशाला राबता. मी म्हटलं, ठिपकीचं नि त्याचं एक वासरू होऊ दे, नाहीतर होणार नाही असं कोणीतरी माझ्या तोंडावर सांगू दे. मग खुशाल काढ. असं टांगून नका ठेवू मला."

"जे असेल ते मी स्वतः येऊन सांगेन," बाई म्हणाल्या. "गोड असो, कडू असो."

कामाला बसताना बाई रोज क्षणभर डोळे मिटतात. त्या दिवशीही मिटले. ठिपकीच्या नव्या बीजांडांत त्यांनी एकेक शुक्राणू ठेवला आणि मी एकेकाला झटका दिला. तुलनेसाठी दुसऱ्या बशीत काही बीजांडं नुसतीच होती, शुक्राणूवाचून. त्यांनाही तोच झटका. वळूचं रेत तिथेच संपलं.

पहिल्या बशीतली बीजांडं दुभंगली. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार. प्रयोगशाळेचे साहेब खूश. "डबा म्हातारा झाला, पण हात अजून चालतो," म्हणाले. मला काही वाटलं नाही.

बाईंनी दुसरी बशी पाहिली. तिच्यातलीही दुभंगली होती, तशीच, तितकीच.

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. मी बीजांडांकडून जागेपणाचं सोंग वठवून घेतलं होतं. नुसत्या झटक्यानेही बीजांड वाढू लागतं, पण त्यातून वासरू कधीच होत नाही. बाईंनी पहिल्या बशीतली काही बीजांडं, आतलं दिसावं म्हणून, रंगात घालून पाहिली. प्रत्येकात शुक्राणू ठेवला तसाच, न उलगडता पडून होता. पाहुणा उंबऱ्यात ताटकळलेला आणि आत आपली चूल पेटलेली.

"उरलेली दुसऱ्या गाईत सोडून बघू," साहेब म्हणाले. "राहिली तर राहिली."

"नाही राहणार, साहेब. पण गाय काही दिवस माजावर येणार नाही. मावशींना वाटेल, गाभण राहिली. त्या दिवस मोजत बसतील."

"तेवढीच आशा त्यांना."

"आशा नव्हती मागितली त्यांनी."

साहेब चष्मा पुसत राहिले. "मग फोन करून टाका. गाव लांब आहे, दोन गाड्या बदलाव्या लागतात."

"तोंडावर सांगेन म्हटलंय."

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची निगा राखा, तारा पुसा, ओल लागू देऊ नका. पण आमच्यावर डोळे झाकून विसंबू नका. आम्ही सांगितलं तेवढं करतो, आणि झालेलं खरं की खोटं, हे आम्हाला कळत नाही. शेजारी तुलनेसाठी एक नुसती बशी नेहमी ठेवा. आणि ती काही सांगू लागली, की ऐका.

बाईंनी माझ्या तारा पुसल्या, खटका बंद केला. पांढरा कोट खुंटीला अडकवला, चपला घातल्या. जाताना त्यांनी दार अगदी सावकाश ओढून घेतलं, आत कोणी निजलेलं असावं तसं.