दोन रेघा नि एक ठिपका

सयाजी लढाईवरून परत आला तेव्हा त्याला आणायला अर्धं गाव स्टेशनवर लोटलं होतं. पलूसजवळच्या त्या गावातून मराठा पलटणीत गेलेले पुष्कळ. पण दोन्ही हात, दोन्ही पाय नि शाबूत डोळे घेऊन परतलेले थोडे. त्याची आई मनुबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं झाली, तसा हा गडी मागं सरला. "आई, लांबनंच ववाळ," म्हणाला. हसत म्हणाला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. लोक त्याच्या छातीवरचे बिल्ले बघत होते. त्याची बायको शालूबाई तेवढी त्याच्या गळ्याच्या बटणाकडं बघत राहिली. माघाचं ऊन चांगलं चटकत होतं, कानामागून घाम ओघळत होता, आणि तरी खाकी सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा त्यानं घट्ट लावलेलं होतं.

बना जन्मली तेव्हा तो आगबोटीवर होता. पुढं आफ्रिका झाली, मग इटली झाली, आणि इकडं पोरगी चालायला, बोलायला, शेळी हाकायला शिकली. बाप येणार म्हणून तिला नवं परकर-पोलकं शिवलं होतं. घरी आल्यावर ती धावत त्याच्या गुडघ्याला बिलगायला गेली, तर त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले नि म्हणाला, "हिला लांब ठिवा." पोरगी मधल्या मधेच थांबली. त्या दिवसापासून ती त्याला 'पाव्हणा' म्हणायला लागली, आणि नाव चुकीचं होतं असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पाहुणाच तो. केळीच्या पानावर जेवायचा आणि पान स्वतः चुलीत घालायचा. पाण्याला त्याचा वेगळा मग. उसाची गाळणी चालू होती, तेव्हा गुऱ्हाळावर राखणीला माणूस हवाच, असं सांगून वळकटी घेऊन तिकडंच मुक्काम ठोकला. मनुबाई शेजारणींना सांगायची, "पलटणीची शिस्त हाय बाई, तिकडं समदं आलग आलग असतंया." शेजारणी तोंडावर हो म्हणायच्या आणि पाठ वळली की इटलीतल्या गोऱ्या बायकांविषयी बोलायच्या. ते शालूबाईच्या कानावर येत होतं. ती काही गरीब गाय नव्हती. इतकी वर्षं सासू सांभाळली, ऊस राखला, पोर वाढवली, आणि आता हा माणूस आपल्या सावलीपासूनही अंग चोरतो! तिच्या पोटात नुसता जाळ पेटला होता.

एका दुपारी ती त्याची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेली. उसाच्या रसाची काहील उतरवायची घाई चालली होती. चार गडी कड्यांना दांडे अडकवून काहील उचलत होते, त्यांत सयाजीही होता. एकाचा पाय घसरला, काहील कलली आणि उकळता रस सयाजीच्या खांद्यावर उडाला. तो ओरडला नाही. काहील नीट खाली टेकवली आणि चिपाडाच्या गंजीमागं पळाला. शालूबाई भाकरी टाकून त्याच्या मागं. भाजलेल्या अंगावर कापड ठेवायचं नसतं एवढं तिला कळत होतं. तिनं सदरा मागून धरला नि असा ओढला, की बटणं तुटून सदरा तिच्या हातात आला.

"शिवू नगंस!" तो किंचाळला. लढाईवरच्या माणसाचा तसला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

खांद्यावर भाजल्याचं थोडंच होतं. पण मानेवर, केसांच्या खाली, कॉलर बसते तिथं सगळं फुलून आलं होतं. बारीक फोड, काही फुटलेले, त्यातून लस वाहत होती, कडेची कातडी काळवंडली होती. तो गंजीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात तिला अडवायला पुढं धरले.

"आवं, ह्ये काय?"

"कळलं न्हवं आता?" तो म्हणाला. "महारोग हाय. इटलीतनं निघताना उठलं. बरं हुतंय वाटतं, की पुन्ना उठतं. आता लय पसराय लागलंय."

"डागदराला दावलं व्हतं का?"

"दावलं असतं तर तितंच अडकीवलं असतं मला. मला एकदा बनीला बघायचं व्हतं. बघितली. ही गाळणी उरकली की जातो. तसल्या लोकांची वस्ती असती लांब, तितं ऱ्हाईन. आईला सांग, पलटणीनं परत बोलीवलं म्हणून."

शालूबाईच्या पोटातला जाळ तिथल्या तिथं विझला. ती मटकन खाली बसली. गोरी बाई असती तर बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं! फडात अजून दोन दिवसांचा ऊस उभा होता. त्यानंतर हा माणूस जाणार, आणि पोरगी जन्मभर म्हणणार, एकदा आमच्याकडं पाव्हणा आला होता.

डोळे पुसायला म्हणून तिनं हातातलंच कापड उचललं. तो सदरा होता. कॉलरच्या आत, मानेला लागते त्या जागी, एक काळी खूण होती. दोन उभ्या रेघा आणि मधोमध ठिपका. परटानं कपडे ओळखायला घातलेली. ती त्या खुणेकडं बघत राहिली, मग सावकाश स्वतःच्या डाव्या हाताकडं बघायला लागली.

शालूबाईचं माहेर खंडाळ्याकडच्या डोंगरात. पलटणीतल्या चुलत्यानं हे लग्न जमवलं, म्हणून ती इतक्या लांब उसाच्या मुलखात आली. तिच्या डोंगरात बिब्ब्याची झाडं. त्या झाडाचं सगळंच अजब. वरच्या केशरी फुलाचा भाग पोरं सुकवून गोड म्हणून खातात, आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते, आणि दोहोंच्या मधल्या काळ्या कवचात असलं तेल, की अंगाला लागलं तर माणूस सुजून ओळखू येत नाही. काहींना नुसत्या झाडाखालून गेल्यानं बिब्बा उततो, अंगभर फोड उठतात, काहींना जन्मात उतत नाही. का, ते कुणाला ठाऊक नाही. तिकडच्या बायका बिब्बे फोडायला बसण्याआधी हातांना खोबरेल चोळायच्या, वर राख. आणि झाडाखालून जाताना हात जोडून झाडालाच म्हणायच्या, "मामा, भाचीला वळख ठिव." शालूबाईही म्हणायची. पण एकदा, अंगात मस्ती होती म्हणून, तिनं काडी बिब्ब्यात बुडवून हातावर तुळस काढली होती. तुळस दोन दिवसांनी उतली. फांदी न् फांदी फोडांची! आईनं चिंचेच्या पाल्याच्या पाण्यानं हात धुऊन काढला, काळे तीळ लोण्यात वाटून लेप दिला आणि वर चार धपाटे दिले. त्या तुळशीचा फिका डाग अजून तिच्या हातावर होता.

"मागं फिरा," ती म्हणाली.

"का?"

"फिरा म्हणते न्हवं!"

तिनं न शिवता, लांबूनच मानेवर नजर लावली. कडेला पसरलं होतं त्याचा आकार लागत नव्हता. पण अगदी मधे, जुन्या काळ्या पडलेल्या कातडीत, दोन उभ्या रेघा होत्या. मधोमध ठिपका.

तिला आधी हसू आलं नाही की रडू आलं नाही, भीती वाटली. कुठं खंडाळ्याचा डोंगर, कुठं इटली! बनाच्या वेळच्या बाळंतपणाला ती माहेरी होती त्या वर्षी व्यापारी गाड्या घेऊन आला होता, पलटणीच्या परटांना खुणा घालायला बिब्बे हवेत म्हणून. पोट सांभाळत तिनंही टोपल्या भरल्या होत्या. त्याच टोपलीतला एखादा आगबोटीत बसून समुद्रापार गेला असेल? आणि एवढ्या हजारो माणसांतून नेमका ह्याच्या मानेवर जाऊन बसला असेल?

"आवं, ह्यो रोग न्हवं," ती म्हणाली. "बिब्बा उतलाय तुमाला. परटाचा बिब्बा. ही खूण बगा, ह्या सदऱ्यावरची. उतलं म्हणून झाकायला तुमी बटणं लावताय, आन् जेवढं झाकताय तेवढं उततंय."

सयाजीनं मान हलवली. "आमच्या कंपनीत समद्यांच्या सदऱ्यावर खुणा व्हत्या. कुनाला न्हाई झालं."

"समद्यांना उतत न्हाई त्यो."

"शालू, मनाचं समाधान करू नगंस. आशा लावलीस तर मला जाता यायचं न्हाई."

तो खरंच तसाच होता. एकदा मनानं घेतलं की घेतलं. औषधं करून, सदरा सोडून, वाट बघायला लावावं तर तो दोन दिवसांत चालता होणार. शालूबाई उठली, तडक घरी गेली. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत दुसरा सदरा होता, तिकडूनच धुऊन घडी घातलेला, इथं आल्यापासून अंगाला न लावलेला. त्याच्या कॉलरवरही तीच खूण. तिनं विळीवर कॉलर कापली आणि गुऱ्हाळावर परत आली. त्याच्या समोर उभी राहून तिनं तो तुकडा भिजवला, खूण आत करून डाव्या हातावर ठेवला आणि वरून फडकं गुंडाळून दातांनी गाठ मारली.

"आगं, येडी झालीस का? सोड त्ये!"

"तुमी सोडा येऊन."

तो पुढं आला, हात उचलला, आणि हात तसाच हवेत राहिला. शिवायचं नाही म्हणून त्यानंच ठरवलेलं! जर्मनांच्या तोफा बघितलेला तो माणूस बायकोच्या हातावरच्या चिंधीपुढं हतबल होऊन उभा राहिला.

"आन् खरंच रोग असला तर?" तो हळू आवाजात म्हणाला. "बनीचं काय हुईल?"

"तिची आजी हाय तिला. मला उठलं, आन् खुणेगत उठलं न्हाई, तर मी येते तुमच्याबरूबर. दोगं जाऊ."

हे बोलताना तिचा आवाज कापला नाही, पण घरी येऊन ती बनाला कुशीत घ्यायला गेली आणि घेता येईना. आपण खरं ओळखलंय असं मन सांगत होतं, तरी हात पुढं होईना. नवरा इतके दिवस कशात जगला ते तिला त्या क्षणी कळलं. तिनं पदर तोंडात कोंबला नि पोटभर रडून घेतलं.

गाळणीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच तिच्या हाताला खाज सुटली. दुपारपर्यंत आग. इतकी गोड आग तिनं आयुष्यात सोसली नव्हती! ती गुऱ्हाळावर गेली तेव्हा सयाजी वळकटी बांधत होता. तिनं त्याच्या समोर गाठ सोडली. चिंधी खाली पडली. हात लाल झाला होता, बारीक फोड तरारून आले होते.

सयाजीचा चेहरा पांढराफटक पडला. "लागलं तुला! माजं तुला लागलं!"

"नीट बगा की," शालूबाई म्हणाली. "रोगाला रेघा वडता येत्यात व्हय?"

त्यानं पाहिलं. जुन्या तुळशीच्या शेजारी दोन उभ्या रेघा उठल्या होत्या. मधोमध ठिपका. इटलीतल्या कुठल्या तरी छावणीत, कुणा परटानं, कपड्यांची अदलाबदल नको म्हणून काढलेला. तो खाली बसला. कितीतरी वेळ तिच्या हाताकडं नुसता बघत राहिला, देवळात बसावं तसा. मग त्यानं हात पुढं केला, आणि इतक्या वर्षांनी बायकोचं मनगट धरलं.

"तुज्या डोंगरानं गाठलं गं मला," तो म्हणाला.

शालूबाईनं खाली पडलेला कॉलरचा तुकडा समोर ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, "मामा, भाचीला वळखलंस." मग तो तुकडा चुलवणात टाकायला निघालेल्या नवऱ्याला तिनं ओरडून अडवलं, कारण बिब्ब्याचा धूर लागला तर डोळ्यांनाही उततो. तुकडा त्यांनी बांधाच्या कडेला खोल पुरला.

संध्याकाळी सोप्यात सयाजी उघड्या अंगानं बसला होता. मनुबाईनं चिंचेचा पाला उकळला होता आणि ती लेकाला, सुनेला, इटलीतल्या परटाला, सगळ्यांना एकदम शिव्या घालत डोळे पुसत होती. शालूबाईनं मान धुऊन काढली. पाट्यावर काळे तीळ लोण्यात वाटले होते, ते वाटीत काढले. बना खांबाआडून बघत होती. तिला इतके दिवस एकच गोष्ट पढवलेली, पाव्हण्याला शिवायचं नाही, आणि गुणी पोर ती पाळत होती.

"ये की," सयाजी म्हणाला. त्यानं मान तिच्यापुढं वाकवली.

बना आली. वाटीत बोट बुडवलं, बोटभर लेप घेतला आणि त्याच्या मानेपाशी नेऊन थांबली. आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं, मग त्यालाच विचारलं.

"पाव्हणं, आता शिवू?"